मांडवाचं कापड

राहेल, मंगळवारी दुपारी आपण दोघांनी मिळून त्या कापडाची घडी घातली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

तू सकाळीच ते धुऊन, नीळ घालून दोरीवर टाकलं होतंस. मांजरपाटाचे दोन पाट जोडून तू हातानं शिवलेलं, अंगणातल्या बाजेपेक्षा मोठं. मी उन्हाला पाठ करून बसलो होतो. तू म्हणालीस, "अवो, बसून काय ऱ्हायलाव, हिकडं या. दोन टोकं धरा." मी धरली. समोरची दोन तू धरलीस. "ताणा. नीट धरा, मातीला लागंल. नातीच्या डोक्यावर धरायचंय हे." तू तुझी टोकं घेऊन माझ्याकडं यायचीस, माझ्या हातात द्यायचीस, वाकून खालची घडी उचलायचीस, परत मागं सरायचीस. कापड लहान होत गेलं. शेवटी तुझी बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती.

"हात का गार गं?"

"पाण्यात होते म्हणून."

एवढंच बोलणं झालं. मग तू चहा टाकलास. बुधवारी सकाळी तू उठली नाहीस.

मला लिहिण्याची सवय नाही. चौथी झाली आणि बापानं शाळेतून काढून घेतलं. पण तुझी सगळी पत्रं मीच लिहायचो, आलेली मीच वाचून दाखवायचो, कारण तुला तेवढंही येत नव्हतं. म्हणून हेही मीच लिहायलोय. हे तुला कोण वाचून दाखवील ते मला मालूम नाही. सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसलो, आज आठवा. कंबर कामातून गेली. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू बाजेवर बसून ऐकायलीस असं समजून सांगतो, कारण तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

दसऱ्याच्या सुमाराला दानियलचं पत्र आलं होतं ना, त्याबद्दल आहे.

आपला एकुलता एक, वीस-बावीस वर्षं झाली त्याला इस्राएलला जाऊन. तो निघाला तव्हा मी म्हणालो होतो, जातोस तर जा, परत वळून बघू नको. त्याची गाडी चुडाव्याहून सुटली तव्हा मी ड्यूटीवर होतो. हिरवी झेंडी मीच दाखवली, डब्याकडं बघितलं नाही. तू फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलीस. त्यानंतर त्याचं पत्र यायचं ते तुझ्या नावानं. माझ्यासाठी खाली एक ओळ, बाबांना नमस्कार.

ह्या पत्रात लिहिलं होतं की त्याच्या पोरीचं, तामारचं, लग्न ठरलं. पोरगं चांगलं आहे, त्याचे आईबाप मोरोक्कोहून आलेले, पण आपल्याच धर्माचे. आणि तामार हट्ट धरून बसली आहे की लग्न करीन तर आजीच्या अंगणात. तिनं हे अंगण फोटोतच बघितलेलं. पोराकडचेही तयार आहेत, त्यांना हिंदुस्थान बघायचाय. शिमग्याच्या आधी येऊ म्हणतो, आई, तुला जमेल का?

तू दोन्ही हात तोंडावर धरले होतेस. मला म्हणालीस, "परत वाचा." मी परत वाचलं.

दोन्ही वेळेला मी एक ओळ गाळली, राहेल. ओळ अशी होती, "आई, लग्न झालं की तुला आमच्याबरोबर इकडं घेऊन येतो, तुझ्या छातीचं मोठ्या दवाखान्यात नीट बघून घेतो, सहा महिने लागले तरी लागू देत. बाबा तर यायचे नाहीत, मला माहीत आहे."

तुझा दमा तुला पाच वर्षांपासून छळायचा. विहिरीवरून येताना तू तीन ठिकाणी बसायचीस. हे मला दिसत होतं. तरी मी ती ओळ गाळली. सहा महिने ह्या घरात मी एकटा काय करू, एवढंच माझ्या डोक्यात आलं. चूल मला पेटवता येत नाही असं नाही. पण तू नसलेलं घर मी कधी बघितलं नव्हतं. आता बघायलोय.

तुला तर त्या दिवसापासून चैनच नव्हती. मी म्हणालो, "डोकं फिरलं का? ना इथं आपलं देऊळ, ना आपला माणूस. पूर्णेला उतरून गाडी बदलायची, मग ह्या धुळीत यायचं. ते गोरे लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? धूळ हाय म्हणतील. हायच की."

"लग्न लावायला दहा पुरुष लागतात आपल्यातले. दहा. जिल्ह्यात दोन आहेत. एक मी न् दुसरे परभणीचे शालोम डॉक्टर. ते बी जनावरांचे."

"त्येच तर मोजायलेय."

चुलीमागच्या भिंतीवर तू कोळशानं रेघा ओढायला लागलीस. दानियल एक. नवरदेव दोन. त्याचा बाप तीन. त्याचे दोन भाऊ. शालोम डॉक्टर. तुझ्या भावाची दोन पोरं, मुंबईची. आणि लग्न लावायला मुंबईहून येणारा हज्जान. नऊ रेघा झाल्या.

मी म्हणालो, "दहावा कोण?"

"दहावे तुमी."

"मग ओढ की रेघ."

"तुमची आताच न्हाई ओढत. तुमचं काई खरं न्हाई."

तू हसत म्हणालीस. मी हसलो नाही.

नवी गोष्ट निघाली की मी आधी नाही म्हणायचो आणि तू करून मोकळी व्हायचीस, आपला संसार असाच झाला. नामांतराच्या दंगलीत गावाबाहेरची दोन घरं जीव मुठीत धरून आपल्याकडं आली, तव्हा मी दारात उभा राहून म्हणालो होतो, आपण इथं एकटे, आपल्याला हे झेपायचं नाही. तू मला बाजूला सारलंस आणि त्यांच्या लेकरांना आत घेतलंस. आठ दिवस ती माणसं अंगणात होती. कुणी विचारायला आलं तर तू म्हणायचीस, "पाव्हणे हायत आमचे. तुमाला काय काम?" ह्याच अंगणात लग्न करायचं तुझ्या मनात होतं, आणि मी तुला सांगायलो होतो की अंगण लहान पडंल.

पहिल्यांदा चुडाव्याला आलो तव्हा आपण दोघंही कोकणी बोलायचो. लोक विचारायचे, तुमी मुसलमानात येता का किरिस्तावात? मी समजावत बसायचो, इस्राएली, म्हणजे यहुदी, शनिवार पाळणारे, असं अन् तसं. तू एका वाक्यात उरकायचीस. "आमी चुडाव्याचे. टेसनामागलं घर." चाळीस वर्षांत तुझी बोलीसुद्धा इथली झाली.

पत्राचं उत्तर लिहायला बसलो ती दुपार मला विसरायची नाही. तू हळद दळून उठली होतीस. पाटावर बसलीस आणि सांगायला लागलीस, मधे थांबलीसुद्धा नाहीस. "लिवा. या म्हणावं. समदे या. तामारच्या मनगटाला दोरा गुंडाळून त्यो दोरा पत्रात पाठव, हिरव्या बांगड्या भरायला मापाच्या लागतेत. मेंदी मी शेजारच्या बिबनबीच्या कुपाटीची काढून ठिवते, ती लय रंगती. मलिद्याला पोहे इथलेच घेते, नारळ मात्र तुज्या मामेभावांना मुंबईहून आणू दे, इथले वाळके असतेत. एलियाहू पैगंबराच्या नावानं आधी मलिदा, मग मेंदी, मग लग्न. बकरं ग्यानबाच्या कळपातलं, पर कापायचं हज्जानानं. आन् आपल्या नेमापरमाणं मटणाला दूध-दही कुठं लागू द्यायची न्हाई मी, काळजी करू नको म्हणावं."

मी म्हणालो, "दमानं."

"व्याहीणबाईला सांग, बाजेवर ती झोपंल, मी खाली. पाणी मचूळ लागतंय विहिरीचं, मी टेसनातनं आणून ठिवीन. आन् मास्तराला सांगणार हाय, त्या दिवशी पाशिंजर दोन मिन्टं जास्त थांबवा, माणसं लय हायत."

"गाडी काय तुझ्या बापाची हाय?"

"बापाची न्हाई, नवऱ्याची हाय. तीस वर्सं झेंडी कुणी दावली?"

तू बोलत होतीस आणि माझा टाक कागदावर चालला होता. तुला वाटलं, तुझंच लिहायलोय. मी काय लिहिलं ते आज सांगतो.

"चि. दानियल, आशीर्वाद. तुझ्या आईची तब्येत एवढं लग्न करायसारखी नाही. इथं कसलीच सोय होत नाही. लग्न तिकडंच करून घ्या. आम्हाला नाराजी नाही."

बस. चार ओळी. तुझ्या तब्येतीसाठी तुला घेऊन जातो म्हणणाऱ्या पोराला मी तुझ्या तब्येतीचंच कारण दिलं.

तू कागद हातात घेतलास. नेहमी घ्यायचीस, शेवटी हळदीचा अंगठा उठवायला. ती तुझी सही. तू कागद उलटा-सुलटा केलास आणि म्हणालीस, "एवढंच? मी एवढी बोलले न् कागद अर्धा मोकळा?"

"बारीक अक्षरात बसवलं."

तू माझ्याकडं बघितलंस. अक्षर बारीक होतं का मोठं होतं ते न शिकलेल्या माणसालाही दिसतं. अंगठा हळदीत बुडवलास आणि माझ्या खोट्याच्या खाली उठवलास.

तुला कळलं होतं का, राहेल? हे मी सात दिवस स्वतःला विचारायलो. कळलं असतं तर तू कापड कशाला शिवलं असतंस? आणि कळलं नसतं तर त्यानंतर एकदाही, पत्र आलं का, असं विचारलं कसं नाहीस? उत्तर आलं तव्हा मीच आपणहून सांगितलं, "तयारी चालू आहे म्हणतो." खरं तर त्यानं लिहिलं होतं, बरं, मग इथंच हॉल बघतो, आईला म्हणावं वाईट वाटून घेऊ नको, तामार दोन दिवस जेवली नाही. हे मी तुला वाचून दाखवलं नाही. तू म्हणालीस, "बरं झालं." आणि दुसऱ्या दिवशी मांजरपाट घेऊन आलीस.

मला रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, शिमगा लांब आहे. तू अंगण सारवून घ्यायचीस, चार बांबू कुठं रोवायचे ते काठीनं खुणा करून ठेवायचीस, आणि मी तुझ्यावरच वसकायचो. तुला वाटायचं माझा जुना राग आहे पोरावरचा. तो राग कव्हाच गेला होता. तो गेल्याचं कुणाला सांगायची सवय नव्हती, एवढंच.

बुधवारचं ऐक. खाजाभाई गँगमन आणि ग्यानबा धनगर, दोघं सकाळपासून इथंच होते. टेसनातून मास्तरनं दानियलला तार केली आणि परभणीला शालोम डॉक्टरांना निरोप दिला. ते अकराच्या गाडीनं आले. आंघोळ घालायला आपल्यातली बाई नव्हती. बिबनबी आणि ग्यानबाची सखू पुढं आल्या. मी दाराबाहेरून सांगत होतो, कोमट पाणी घ्या, डोक्याकडून पायाकडं, पालथं करू नका. सखू आतून म्हणाली, "मामा, तुमी गप बसा. मायला कसं धुवायचं आमाला कळतंय." आणि रडायला लागली.

मग कापड लागलं. पांढरं, न वापरलेलं, सुती. आपल्यात तेवढंच चालतं. परभणीहून आणायचं तर सांज झाली असती. बिबनबीनं पेटीवरची ती घडी बघितली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. आदल्या दिवशी आपण घातलेली घडी तिनं मोडली.

खाजाभाईनं त्यांच्या जमातीला विचारून कबरस्तानाच्या कडेला लिंबाखाली जागा दिली. माणसं लय आली, राहेल. टेसनातले आले, गावातले आले, ती दोन घरंही आली, लेकरांसकट. लेकरं कसली, बाप्ये झालेत आता. माती झाल्यावर शालोम डॉक्टरांनी पुस्तक उघडलं, थोडं म्हणाले आणि मिटलं. मी म्हणालो, "कद्दीश ऱ्हायला."

ते म्हणाले, "काका, माणूस गेल्यावर कद्दीशची प्रार्थना म्हणायची तर दहा लागतात. आपण दोघंच आहोत."

ग्यानबा म्हणाला, "दहा कशापायी? शंभर हाव की."

"तसं नाही चालत, बाबा. ह्यांच्या धर्मातले दहा."

खाजाभाई म्हणाले, "तो बी हमे खडे रहते. चुपचाप खडे रहते ना."

आणि सगळे उभे राहिले. कुणाला काही म्हणता येत नव्हतं. मी पण नुसता उभा. त्या वेळेला मला तुझ्या नऊ रेघा आठवल्या. मी खरं पत्र लिहिलं असतं तर नुसत्या लग्नाचंच काम झालं नसतं. तू गेल्याची तार गेल्यावर ते लोक तिकिटं घेऊनच बसलेले असते, तिसाव्याला तरी ह्या मातीवर दहाजण उभे राहिले असते. आणि तुझ्या छातीचं खरं कळवलं असतं, दानियलनं लग्नाआधीच तुला नेलं असतं, तर कदाचित माती खणायचीच पाळी आली नसती. हे मी कुणाला बोललो नाही. तुला बोलतो.

मला माफी मागता येत नाही, तुला माहीत आहे. ह्या पन्नास वर्षांत मी कधी मागितली असंल तर सांग. मी चुकलो की चहाचा कप माझ्या हातानं धुऊन ठेवायचो आणि तू समजून घ्यायचीस. मंगळवारचे दोन्ही कप मी धुतले नाहीत. तसेच आहेत, तुझ्या कपात तळाला पत्ती आहे.

तू मला लय दिलंस. परक्या गावात घर दिलंस. मी मुलखाचा तुसडा, तुझ्यामुळं लोक माझ्याशी बोलायचे. आता ते दारात येऊन बसतात, ते तुझ्यासाठी येतात, आणि मी तुझ्यासाठी त्यांना बसू देतो.

तर बुधवार असा गेला. गुरुवारी सकाळी उठलो. म्हणजे झोपलोच नव्हतो. सात दिवसांत काम करू नये, लिहू नये म्हणतात. शालोम डॉक्टर जाताना परत बजावून गेले होते. मी चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि तुझ्या नऊ रेघांच्या शेजारी दहावी ओढली. वाकडी आली. मग तिथंच जमिनीवर बसून, पाटावर कागद ठेवून दानियलला पत्र लिहायला घेतलं.

आधी लिहिलं की ते पत्र तुझ्या आईचं नव्हतं, माझं होतं. तुझ्या आईनं काय सांगितलं होतं ते आता लिहितो. आणि राहेल, तू जे जे बोलली होतीस ते लिहिलं. मनगटाचा दोरा, बिबनबीच्या कुपाटीची मेंदी, मुंबईचे नारळ, आधी मलिदा मग मेंदी, ग्यानबाचं बकरं, मचूळ पाणी, बाज, पाशिंजर दोन मिन्टं. तुझ्याच बोलीत लिहिलं. पुढं त्याला लिहिलं, हॉल ठरला असंल तर राहू दे, नाही तर इथं या. तुझ्या आईच्या मातीवर आधी दहाजण उभे राहा, लग्नाचं मग, तुम्हाला जसं चालंल तसं, वर्षानं आलात तरी अंगण आहे. दहावा मी आहे. मांडवाचं कापड तिकडून आणा, इथलं तुझ्या आईला लागलं.

कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. कडेच्या मोकळ्या पट्टीत आडवं लिहिलं. कोळशाच्या बोटांनी कागद काळा झाला होता. खाजाभाई दहाच्या गाडीवर टाकायला म्हणून पत्र न्यायला आले आणि उभे राहिले. मी शेवटाला आलो तव्हा बघितलं, माझं नाव लिहायला जागा उरली नव्हती. खालच्या कोपऱ्यात सवयीनं अंगठ्यापुरती जागा सुटलेली होती. ती तशीच मोकळी ठेवून मी पाकीट चिकटवलं.